काउंटीचे पाच सुपरवायझर आणि आपली जिल्हा परिषद : दोन्ही एकच म्हणता येतील का?

गोदातीर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडवर राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझी मुलगी कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे तेथील जिल्ह्यासारखा भाग) राहते. मागच्या मुक्कामात तिने मला सॅन होजे येथे काउंटीच्या 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स'ची सभा दाखवायला नेले. सभागृह ऐसपैस होते, पण समोरच्या उंच मेजामागे बसलेली लोकनियुक्त माणसे अवघी पाच. एक वृद्ध गृहस्थ दवाखान्याच्या वेळांविषयी बोलायला उभे राहिले. त्यांच्यासमोरचा दिवा आधी हिरवा होता, मग पिवळा झाला आणि लाल झाल्याबरोबर त्यांनी वाक्य अर्धवट सोडले, कागदाची घडी केली आणि ते जागेवर जाऊन बसले. त्यांना कोणी मध्येच अडवले नाही, पण मेजामागच्या पाचांपैकी कोणी उत्तरही दिले नाही, याचे मला नवल वाटले.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, ही आमची जिल्हा परिषद." मला ते पटले नाही, परंतु का पटले नाही हे तिला नीट सांगताही येईना, कारण तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवूनही तिचा कारभार मी पगारपत्रक आणि बदलीचा आदेश यांच्यापलीकडे कधी समजून घेतला नव्हता. तेथे पाच माणसे एवढा पसारा कसा सांभाळतात, त्यांच्या अखत्यारीत नेमके काय येते आणि आपल्याकडील रचनेशी ते कोठे जुळते व कोठे जुळत नाही, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

जुनी टिपणी

ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषद सेवेतून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे काउंटीविषयी तेथे राहणाऱ्यांनीच लिहावे. मी आपल्या बाजूचे सांगतो.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. त्याआधी जिल्हा लोकल बोर्ड होते. आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे अखेरपर्यंत 'लोकल बोर्डाचा रस्ता' आणि 'लोकल बोर्डाची शाळा' असेच म्हणत. प्राथमिक शाळांसाठी तर तेव्हा जिल्हा स्कूल बोर्ड स्वतंत्र होते आणि तेही पुढे परिषदेतच विलीन झाले. त्याआधी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवरील संस्थेवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा पातळी बळकट केली आणि जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेच्या रचनेबाहेर ठेवले. तुमच्या मुलीच्या म्हणण्यातील अडचण येथूनच सुरू होते, कारण आपल्या जिल्ह्याला एक कारभारी नाही, दोन आहेत.

आता रचना पाहू. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्याला पंचायत समिती आहे. २०१७ च्या निवडणुकीत नाशिक जिल्हा परिषदेचे ७३ गट होते. प्रत्येक गटातून परिषदेवर एक सदस्य निवडून येतो, त्याच गटाचे दोन गण पाडलेले असतात आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीवर एक सदस्य जातो. शिवाय पंचायत समित्यांचे सभापती आपल्या पदामुळे परिषदेचे सदस्य असतात, म्हणजे सर्वसाधारण सभा ७३ अधिक १५ अशी भरते. सदस्यांची मुदत पाच वर्षांची असली तरी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अडीच वर्षांचेच असतात. अध्यक्षपद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव आहे हे राज्य पातळीवरील सोडतीने ठरते, आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात.

सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून एकदा होते, त्यामुळे मधला कारभार समित्यांवर चालतो. स्थायी समिती आणि जलव्यवस्थापन व स्वच्छता समिती अध्यक्षांकडे असतात. त्यांच्याखेरीज वित्त, बांधकाम, कृषी, शिक्षण, आरोग्य, पशुसंवर्धन व दुग्धविकास, समाजकल्याण आणि महिला व बालकल्याण अशा समित्या आहेत. समाजकल्याण तसेच महिला व बालकल्याण या दोन समित्यांना स्वतंत्र सभापती असतात, तर बाकीच्या समित्या उपाध्यक्ष आणि उरलेले दोन सभापती यांच्यात वाटल्या जातात. कोणाला बांधकाम मिळणार आणि कोणाला पशुसंवर्धन, यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीइतकीच ओढाताण होते, हे मी नोकरीत पुरेपूर पाहिले आहे.

सदस्य ठराव करतात. त्याची अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे असते. हे अधिकारी भारतीय प्रशासन सेवेतील असतात आणि त्यांची नेमणूक परिषद करत नाही, राज्य शासन करते. सभेत एखाद्या विषयाला सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, ठराव एकमताने मंजूर होतो आणि तरीही नस्ती (फाइल) वित्त विभागातून 'निधीची उपलब्धता नाही' असा शेरा घेऊन परत येते, ही आमच्या कार्यालयांतील नेहमीची गोष्ट होती. परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला सर्वजण 'सेस फंड' म्हणतात, जमीन महसुलावरील उपकर आणि मुद्रांक शुल्कातील वाटा अशा मोजक्या मार्गांनी येते. त्यातही २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी आधीच बांधलेले असतात. मोठा पैसा शासनाच्या योजनांचा आणि जिल्हा नियोजन समितीचा, आणि त्या समितीचे अध्यक्ष असतात पालकमंत्री. वित्त आयोगाचे अनुदानही आता बहुतांशी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर जाते. पंधराव्या आयोगाच्या निधीतील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना मिळाला, तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांना प्रत्येकी १० टक्के.

कामांच्या बाबतीत प्राथमिक शिक्षण हा सर्वांत मोठा भाग, हे तुम्हाला सांगायला नको. आरोग्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे परिषदेची असतात. सपाट भागात साधारण ३०,००० लोकसंख्येमागे आणि सुरगाणा-पेठसारख्या आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असा निकष आहे. नाशिकचे जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण 'सिव्हिल' म्हणतो, ते मात्र परिषदेचे नाही. ते जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत राज्य शासन चालवते. याखेरीज अंगणवाड्या, गावांची पाणीपुरवठा योजना, पशुवैद्यकीय दवाखाने आणि ग्रामीण रस्ते परिषदेकडे आहेत. जमिनीचा सातबारा, पोलीस, तुरुंग आणि मतदार यादी यांच्याशी परिषदेचा काहीही संबंध नाही.

सांताक्लाराकर

ताई, मी मूळचा सिन्नरचा आणि बरीच वर्षे सॅन होजेमध्ये राहतो. तुम्ही पाहिलेल्या सभेपासूनच सुरुवात करतो, कारण त्या गृहस्थांना उत्तर न मिळण्यामागे उद्धटपणा नव्हता, कायदा होता. कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राउन अॅक्ट नावाचा कायदा आहे. त्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि विषयपत्रिकेवर नसलेल्या बाबीवर मंडळाला चर्चा किंवा निर्णय करता येत नाही. नागरिक आपले म्हणणे मांडू शकतात. सदस्यांनी त्यावर फार तर एखादे वाक्य बोलावे किंवा अधिकाऱ्यांना माहिती घ्यायला सांगावे, इतकीच मुभा असते. आपल्याकडे सभेच्या अखेरीस येणारे 'आयत्या वेळचे विषय' तेथे जवळजवळ अशक्य आहेत. याच कायद्यामुळे पाचांपैकी तिघांना काउंटीच्या कामाबद्दल खासगीत एकत्र बोलण्याचीही मनाई आहे, कारण तिघे म्हणजे बहुमत, आणि बहुमत जमले की ती सभाच मानली जाते.

कॅलिफोर्नियात ५८ काउंटी आहेत. सॅन फ्रान्सिस्को हे शहर आणि काउंटी एकच असल्यामुळे तेथे ११ सदस्य आणि महापौर अशी वेगळी व्यवस्था आहे. बाकी ठिकाणी पाच सुपरवायझरांचे मंडळ असते. प्रत्येक सदस्य आपल्या विभागातून चार वर्षांसाठी निवडून येतो आणि मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढे पक्षाचे नाव नसते. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर विभागांच्या सीमा पुन्हा आखल्या जातात. हे मंडळच काउंटीपुरते कायदे करते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि तेच सर्वोच्च कार्यकारी अधिकारही चालवते. विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ असे दोन भाग तेथे नाहीत. प्रत्यक्ष प्रशासन 'काउंटी एक्झिक्युटिव्ह' पाहतात, पण त्यांना नेमणारे आणि दूर करणारेही मंडळच असते. वरील उत्तरात मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य शासन पाठवते असे वाचले. माझ्या मते दोन्ही व्यवस्थांतील सर्वांत मोठा फरक हाच आहे.

तरी हे पाच जण सर्वेसर्वा आहेत असे समजू नये. पोलीस आणि तुरुंग पाहणारे शेरीफ, सरकारी वकिलांचे प्रमुख असलेले डिस्ट्रिक्ट अॅटर्नी आणि मालमत्तांचे मूल्य ठरवणारे असेसर हे तिघेही मतदारांनी थेट निवडलेले असतात. तुरुंगावर किती खर्च करायचा हे मंडळ ठरवते, पण शेरीफला पदावरून काढून टाकणे हे त्याच्या रोजच्या अधिकारातले काम नाही. अंदाजपत्रकाच्या दिवसांत या दोन बाजूंची चकमक पाहण्यासारखी असते.

मंडळाच्या देखरेखीखाली सार्वजनिक आरोग्य, समाजकल्याणाच्या योजना, मतदार नोंदणी व मतमोजणीचे कार्यालय, मालमत्तेच्या नोंदी, उद्याने आणि कोणत्याही शहराच्या हद्दीत न येणाऱ्या भागातील रस्ते व बांधकाम परवाने ही कामे येतात. सांता क्लारा काउंटीचे स्वतःचे मोठे रुग्णालयही आहे, सॅन होजेमधील व्हॅली मेडिकल सेंटर. म्हणजे नाशिकच्या 'सिव्हिल'सारखे रुग्णालय येथे काउंटीच चालवते. याउलट ज्या शाळांसाठी तुम्ही तीस वर्षे दिली, त्यांच्याशी या मंडळाचा संबंध नाही. शाळांचे स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळे असते, त्याचे मंडळ वेगळे निवडले जाते आणि मालमत्ता कराचा त्याचा वाटाही वेगळा असतो. जुनी टिपणी यांनी सांगितलेले आपले स्कूल बोर्ड जणू येथे अजून नांदते आहे.

अमेरिकाभर मात्र हेच चित्र आहे असे मानू नका. काउंटी हे राज्याच्या कायद्याने निर्माण झालेले एकक असल्यामुळे प्रत्येक राज्यात तिचा घाट निराळा असतो. टेक्सासमध्ये काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून 'कमिशनर्स कोर्ट' बनते, आणि नाव कोर्ट असले तरी काम प्रशासनाचे असते. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तेथे १७ कमिशनर आहेत. कनेक्टिकटने तर १९६० मध्ये काउंटी शासनच रद्द केले. लुइझियानात काउंटीला 'पॅरिश' म्हणतात. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे एक कोटी आणि सुपरवायझर पाचच. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील मतदारांनी ही संख्या नऊ करण्याच्या बाजूने कौल दिला.

द्राक्षबाग

राम राम मंडळी. मी दिंडोरी तालुक्यातील शेतकरी आहे आणि एकदा ग्रामपंचायत सदस्यही होतो. वरची दोन्ही उत्तरे मन लावून वाचली. माझे सांगणे रस्त्यापुरतेच आहे, कारण जिल्ह्याचा कारभार शेतकऱ्याला रस्त्यातूनच कळतो.

आमच्या शिवारातून गावाकडे येणारा तीन किलोमीटरचा रस्ता आहे. मधोमध ओढ्यावर एक मोरी आहे. हंगामात द्राक्षांचे क्रेट भरलेली पिकअप त्या मोरीवरच्या खड्ड्यात आदळली की वरच्या थरातले घड खालच्यावर बसतात, आणि मणी एकदा सुटले की तो माल व्यापारी बाजूला काढतो. दुरुस्तीसाठी आम्ही अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, तर ते म्हणाले की रस्त्याचा वर्ग बदलला आहे, त्यामुळे तो आता आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तर तेथे तो अजून हस्तांतरित झालेला नव्हता. दोन पावसाळे असेच गेले. मग एका निवृत्त शाखा अभियंत्यांनी आम्हाला बसवून समजावले, की राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. म्हणून अर्जावर सर्वांत आधी रस्त्याचा क्रमांक लिहा, नंतर गाऱ्हाणे. क्रमांक लिहिल्यावर अर्ज निदान योग्य टेबलावर पोहोचला. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हे सर्व टप्पे झालेच, पण त्यांना नाव होते आणि तारीख होती.

आता मुख्य मुद्दा असा, की २०१७ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून कारभार पाहू लागले. जुनी टिपणी यांनी समित्यांची नावे सांगितली, परंतु सदस्य नसले की समित्याही नसतात आणि सभापतीही नसतो. अधिकारी चांगला असू शकतो, पण आमच्या गटाचा सदस्य सकाळी चहाच्या टपरीवर भेटत असे आणि मोरीचे काय झाले हे त्याला चार लोकांदेखत विचारता येत असे. प्रशासकांची भेट घ्यायची तर नाशिकला जाण्यात दिवस मोडतो. सॅन होजेच्या सभेत त्या आजोबांना दिव्याखाली का होईना बोलायला मिळाले. आपल्याकडे परिषदेच्या सभेत बोलतात ते सदस्य, आणि नागरिकाने स्वतः उभे राहून बोलायची जागा म्हणजे ग्रामसभा, जी वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते. तेथे कोणी उत्तर देत नाही असे होत नाही. उलट दहा जण एकदम देतात!

गोदातीर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मी आकडे मांडून पाहिले. सांता क्लारा काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार १९ लाखांहून थोडी अधिक, म्हणजे एका सुपरवायझरमागे पावणेचार लाखांहून अधिक माणसे. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ६१ लाख होती आणि त्यातील ग्रामीण सुमारे ३५ लाख धरली तर एका सदस्यामागे पन्नास हजारांच्या आत. द्राक्षबाग यांच्या टपरीवरच्या चहाचा हिशेब त्यामुळे माझ्या ध्यानात आला. पण एक शंका उरली. मुलीचे घर सॅन होजे शहराच्या हद्दीत आहे, तरी ती सुपरवायझरसाठी मतदान करते. मी जिल्हा परिषदेसाठी कधी मतदान केल्याचे मला आठवत नाही. यात माझी काही चूक होत आहे का?

जुनी टिपणी

ताई, चूक नाही. गंगापूर रोडचा तुमचा भाग नाशिक महानगरपालिकेत येतो, म्हणून तुमचे नाव परिषदेच्या मतदार यादीत नाही. महापालिका १९८२ मध्ये झाली. मालेगावला दुसरी महापालिका आहे, देवळालीला कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) आहे आणि येवला, मनमाड, सिन्नर, भगूर अशा गावांना नगर परिषदा आहेत. या सर्व हद्दी परिषदेच्या मतदारसंघांतून वगळल्या जातात. दिंडोरीत नगरपंचायत असल्यामुळे तेथील गावठाणातला मतदारही बाहेर राहतो, आणि पंचायत समितीचे कार्यालय मात्र त्याच गावात आहे. काउंटीत शहराचा नागरिक शहराचाही मतदार असतो आणि काउंटीचाही. आपल्याकडे तो एकतर येथे, नाहीतर तेथे.

मुलीला सांगायचे झाल्यास असे सांगा, की तिच्या काउंटीची कामे नाशिकमध्ये करायची म्हटली तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मतदार यादी आणि जमिनीच्या नोंदी मिळतील, दस्त नोंदणीसाठी दुय्यम निबंधकांकडे जावे लागेल, शेरीफच्या कामासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे, मोठ्या रुग्णालयासाठी 'सिव्हिल'मध्ये, आणि एवढे हिंडल्यावर दवाखाने, अंगणवाड्या व गावचे रस्ते यांच्यासाठी जिल्हा परिषदेत.

गोदातीर

तिला आजच कळवते. तीस वर्षे जिच्या पगारावर घर चालले, त्या जिल्हा परिषदेची मी मतदार नव्हते, हे ऐकून ती हसेल. सांताक्लाराकर, पुढच्या खेपेस मला त्या सभेत शाळांविषयी बोलायचे होते. आता ते स्कूल डिस्ट्रिक्टच्या सभेत बोलावे लागेल असे दिसते. तिची विषयपत्रिकाही ७२ तास आधी लागते का?

सांताक्लाराकर

होय, ब्राउन अॅक्ट त्यांनाही लागू आहे. पत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर मिळेल. बोलण्यासाठी दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ मिळेल असे धरू नका, आणि मुद्दा पहिल्याच वाक्यात मांडा.